गोड केलेले निरोप

सकाळची अंघोळ झाली, की धाकटी सून डोळे मिटून हात जोडायची आणि मनातल्या मनात एकच मागणं मागायची : आज माझ्या तोंडून कुणाचं मन दुखू नये. लग्नाआधीपासूनचा हा तिचा नेम. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, चुकायचा नाही. त्या शुक्रवारी मात्र हात जोडलेले असतानाच दाराशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि मागणं अर्धवटच राहिलं. सुतार आला होता.

हा सुतार यावा म्हणून महिनाभर तिचा जीव टांगणीला लागला होता. आणि आता तो आला, तर वाटत होतं, आजच्या दिवस त्याची गाडी वाटेतच बंद पडली असती तर काय बिघडलं असतं.

घर भाड्याचं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे लांबुळकं अंगण. अंगण संपतं तिथं नळ, कपडे धुवायचा दगड आणि वाळत घालायची दोरी. एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची बाग. कुणालाही वाटलं असतं, जुनाट कुंपण आहे, राहिलं काय अन् पडलं काय. पण धाकटीच्या सासूबाईंचे डोळे त्या कुंपणात होते.

आईंची नजर दोन-तीन वर्षांत हळूहळू गेली. आता बाहेर उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. पण मागच्या दाराची पायरी उतरल्या, की त्यांचा डावा हात आपसूक पुढे जायचा, पहिली फळी सापडायची आणि मग फळीमागून फळी चाचपत त्या थेट नळापर्यंत जायच्या. तोंडानं देवाचं नाव चालू. स्वतःचे कपडे स्वतः धुवायच्या, स्वतः वाळत घालायच्या, तशाच परत यायच्या. एकेका फळीशी त्यांची ओळख होती. ही गाठीची, ही चिरलेली, ही जरा कुरकुरणारी.

“तुझ्या नवऱ्यापेक्षा हे कुंपण बरं गं,” त्या धाकटीला म्हणायच्या, “हाताला लागतं तरी.”

नवरा पुलांच्या कामावर. आज या गावाला तर उद्या त्या. घरी आला की दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरायचा. घरी उरायच्या त्या दोघी. धाकटी पडद्याच्या दुकानासाठी पडदे शिवायची आणि मशीनवर बसल्या बसल्या कान अंगणाकडे लावून ठेवायची.

महिन्यापूर्वी कुंपणाचे दोन खांब खालून कुजले आणि मधल्या फळ्या लोंबायला लागल्या. त्यातली एक आईंच्या हातात आली आणि आई फळीसकट पडल्या. कपाळाला खोक पडली. टाके घालून आणायला थोरले भाऊजी धावत आले आणि दवाखान्यातून परतताना त्यांनी सांगून टाकलं, “हे बघ धाकटे, तुझ्यावर माझा राग नाही. पण आणखी एकदा जर आई पडली, किंवा पडेल अशी परिस्थिती मला दिसली, तर मी कुणाचं ऐकणार नाही. सरळ घेऊन जाईन.”

थोरले भाऊजी वाईट नव्हते. आईवर त्यांचा जीव होता. पण त्यांचं घर वरच्या मजल्यावर, दोघंही नोकरीला जाणारी, दाराला बाहेरून कुलूप. मागे एकदा आई तिथं राहून आल्या होत्या. सकाळी खुर्चीत बसवायचे ते संध्याकाळी उठवायचे. परत आल्या तेव्हा पाय सुजलेले आणि बोलणं आटलेलं. कितीतरी दिवसांनी एकदा हसून म्हणाल्या, “तिथं मी फर्निचर होते. पुसायचे मला रोज.”

धाकटीला ते हसू आठवलं तरी धस्स व्हायचं. आणि भाऊजी रविवारी येणार होते, कुंपण बघायला.

कुंपण दुरुस्त करायला काय लागतं? लाकूड, खिळे आणि एक सुतार. पण इथं मध्ये दोन माणसं होती.

पहिले घरमालक. गावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसरे शेजारी, बसच्या आगारातून निवृत्त झालेले; सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी गुलाबांचा नाद लावून घेतला होता आणि बस वेळेवर सोडावी तसं झाडांना वेळेवर पाणी सोडायचे. या दोघांचं एकमेकांशी बोलणं कधीकाळी बंद झालं होतं, कशावरून ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. मालकांचा फोन कंट्रोलर उचलत नसत, आणि कंट्रोलरांचा नंबर मालकांनी पुसून टाकला होता. त्यामुळे निरोप धाकटीकडून.

“त्या माणसाला सांगा,” मालक फोनवर गरजायचे, “कुंपण आहे तिथंच होणार आणि फळ्यांचंच होणार. इंचभर जरी सरकवलं तर पोलीस घेऊन येईन. आयुष्यभर शिट्ट्या मारल्या, आता मला शिकवतो!”

धाकटी फोन ठेवायची, पदरानं घाम पुसायची आणि अंगणात जायची. पलीकडे कंट्रोलर कात्री घेऊन उभे.

“काय म्हणतात तुमचे चष्मेवाले?”

“म्हणाले, शेजारी जुने आहेत, त्यांच्या मनाला लागेल असं काही करायचं नाही.”

“हं.” कंट्रोलर एक फांदी कापायचे. “त्याला सांगा सूनबाई, फळ्यांची सावली माझ्या गुलाबांवर पडते. तारेची जाळी लावायची, आणि वीतभर मागे घ्यायची, कारण जागा माझी आहे. नाहीतर एक खिळा ठोकू देणार नाही. दुसऱ्यांना चष्मे विकतो, स्वतःला हद्द दिसत नाही!”

संध्याकाळी मालकांचा फोन. “काय म्हणतोय?”

“म्हणाले, कुंपण लवकर व्हायला हवं. त्यांचं सहकार्य आहे.”

यातलं काही खोटं बोलावं म्हणून ती बोलत नव्हती. कडवट शब्द तिच्या घशाशी यायचे आणि तिथंच विरघळायचे. दुसऱ्याचा राग आपण आपल्या तोंडानं तिसऱ्याच्या कानात का ओतायचा, असं तिला वाटायचं. आणि महिनाभर असे निरोप इकडून तिकडे गेल्यावर झालं काय, तर मालकांची खात्री पटली की कंट्रोलर नरमले, आणि कंट्रोलरांची खात्री पटली की मालक नरमले. मालकांनी सुतार ठरवला. कंट्रोलरांनी जाळीचं भेंडोळं आणून ठेवलं.

ते भेंडोळं धाकटीनं गुरुवारी पाहिलं आणि काय होऊन बसलंय ते तिला कळलं. बोलावं का मालकांशी? पण बोलायचं म्हणजे सगळंच सांगायचं. मग सुतार येणार नाही, रविवारी भाऊजी ते पडकं कुंपण बघणार आणि आईंची पिशवी भरणार. त्यापेक्षा उद्या सकाळी सकाळी फळ्या ठोकून होऊ देत, मग कंट्रोलर काय चार दिवस कुरकुरतील. अशी स्वतःचीच समजूत काढत ती रात्रभर कूस बदलत राहिली.

आणि आता सुतार अंगणात उभा होता. बोलका माणूस. “वहिनी, हे कुंपण उभं होतं की कुणी उभं राहायची विनंती केली होती?” म्हणत त्यानं पहिली फळी हातानंच ओढून काढली. तासाभरात सगळ्या फळ्या भिंतीशी रचल्या गेल्या. खांब निघाले. जमिनीत नुसते खड्डे उरले आणि मातीत वाकडे खिळे. धाकटीनं स्वयंपाकघराचं मागचं दार लोटून घेतलं आणि आईंना सांगितलं, “आई, आज पुढच्या खोलीतच बसा हं. बाहेर सगळं उकरलंय.”

“बसते की. मला कुठं गाडी पकडायचीय.”

तेवढ्यात मालक स्कूटरवरून आले. मुद्दाम दुकान बंद ठेवून. आणि पलीकडून कंट्रोलर खांद्यावर भेंडोळं घेऊन आले. कुंपण नव्हतं, त्यामुळे दोघं कितीतरी वर्षांनी समोरासमोर उभे राहिले. धाकटीच्या हातात चहाचा ट्रे होता. तो घेऊन ती दोघांच्या मध्ये उभी राहिली.

मालक मोठ्या मनानं हसले. “तुम्ही समजून घेतलंत, बरं वाटलं.”

“छे छे, समजून तुम्ही घेतलंत,” कंट्रोलरही हसले. “मी घरी म्हणालोसुद्धा, माणूस वाईट नाही.”

“मीही तेच म्हणतो. वयानं शहाणपण येतं.”

“येतं, येतं. तुम्हाला जरा उशिरा आलं, पण आलं.”

सुतारानं पहार उचलली. “मग मंडळी, खड्डा कुठं घेऊ?”

दोघांनी एकदमच बोट दाखवलं. मालकांचं बोट जुन्या खड्ड्याकडे, कंट्रोलरांचं वीतभर अलीकडे, धाकटीच्या पायाशी.

दोघांनी एकमेकांची बोटं पाहिली. मग मालकांची नजर भेंडोळ्यावर गेली. “हे काय आहे?”

“जाळी. ठरल्याप्रमाणे.”

“कुणाचं ठरलं? कधी ठरलं?”

“तुम्हीच कबूल झालात की! मागे घेतो म्हणालात.”

“मी? माझ्या जागेत मी मागे येऊ? डोकं ठिकाणावर आहे ना?”

आवाज चढले. पुढच्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. जुनी भांडणं नावानिशी वर आली. कुणाची मोटार कुणाच्या दारात उभी होती, कुणी कुणाच्या लग्नाला आलं नव्हतं. सुतारानं पहार खाली ठेवली, ट्रेवरून स्वतःच एक कप उचलला आणि म्हणाला, “चालू द्या. मी बसतो.”

आणि मग दोघंही एकाच वेळी धाकटीकडे वळले.

“ताई, तुम्ही सांगा. हा माणूस फळ्यांना तयार होता की नाही?”

“सूनबाई, तुम्हीच सांगितलंत ना, त्याला मान्य आहे म्हणून?”

धाकटीच्या जिभेवर शब्द तयार होते. सवयीचेच, मऊ. तुमचंही बरोबर आहे, त्यांचंही बरोबर आहे, चहा घ्या आधी. ते शब्द ती बोलली असती तर दोघं पाय आपटत आपापल्या घरी गेले असते, सुतार टेम्पो घेऊन गेला असता आणि रविवारी अंगणात फक्त खड्डे असते. तिनं ट्रे कपडे धुवायच्या दगडावर ठेवला.

“तुम्ही कुणीच काही कबूल केलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी निरोप बदलले.”

“म्हणजे?”

“मालक म्हणाले होते, इंचभर सरकलं तर पोलीस आणीन. आणि म्हणाले, आयुष्यभर शिट्ट्या मारल्या, आता मला शिकवतो. ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. आणि तुम्ही म्हणालात, एक खिळा ठोकू देणार नाही, चष्मे विकतो पण हद्द दिसत नाही. ते मालकांना सांगितलं नाही. आणखीही आहे. कोडगा, कद्रू, आणि एक शब्द आहे तो मला उच्चारता यायचा नाही.”

सुताराला चहाचा ठसका लागला.

“तो शब्द याचाच असणार,” मालक म्हणाले.

“नाही,” धाकटी खाली बघत म्हणाली, “तो तुमचा.”

झालं. इतकी वर्षं ज्या दोघांचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, त्यांचं आता जमलं. “म्हणजे महिनाभर तुम्ही आम्हाला खेळवलंत?” कंट्रोलर म्हणाले. “बाई दिसतात किती गरीब!” मालक म्हणाले. “आम्ही भांडतो, पण तोंडावर भांडतो. हे असलं आमच्यात नाही.” “अगदी बरोबर,” कंट्रोलर म्हणाले. मालकांनी स्कूटरची किल्ली बोटात फिरवली. “ताई, असल्या भाडेकरूवर मी विश्वास कसा ठेवायचा? दुसरी जागा बघायला लागा. सरळ सांगतो.”

कुंपणाची काळजी करता करता घरच हातचं चाललं. डोळ्यांपुढे ती वरच्या मजल्यावरची खुर्ची उभी राहिली.

“पण कशासाठी केलंत?” कंट्रोलर अजून तिथंच अडकले होते. “फळ्या काय, जाळी काय, तुम्हाला काय फरक पडत होता? भाड्याचं घर, उद्या उठून जाल.”

हेच ते. हेच सांगायचं नाही असं नवऱ्यानं घर भाड्यानं घेताना बजावलं होतं. मालकांची अटच होती : आजारी, अधू माणसं नकोत, पडली-झडली तर माझ्या डोक्याला ताप. तेव्हा आईंना थोडं दिसत होतं, म्हणून ती दोघं बोलली नाहीत. मग दिसेनासं झालं, तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही.

“आईंना दिसत नाही,” ती म्हणाली. “मुळीच दिसत नाही. हे कुंपण धरून त्या चालतात. जाळी हाताला कापेल. आणि नुसतं मोकळं राहिलं तर त्यांचं चालणंच बंद. मागे पडल्या, तेव्हापासून थोरले भाऊजी न्यायला टपलेत. रविवारी येणारेत. मला फळ्या नकोत, जागा नको, काहीच नको. आईंना हात टेकायला काहीतरी द्या.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण जवळजवळ ओरडलो होतो.

कंट्रोलर हळूच म्हणाले, “दिसत नाही?”

“नाही.”

“मी रोज सकाळी हात वर करायचो. इथूनच. बायको म्हणायची, कशाला करता, ती बाई ढुंकूनसुद्धा बघत नाही. मला वाटायचं, फार गर्व आहे. माझ्या कुंपणावर बोटं फिरवत फिरवत जातात आणि नमस्काराला उत्तर नाही. म्हणून तर मी... ” ते थांबले. त्यांनी भेंडोळं खांद्यावरून खाली ठेवलं.

मागचं दार किलकिलं झालं होतं. आई पायरीच्या आत चौकट धरून उभ्या होत्या. किती वेळ, देवाला ठाऊक.

“आई, पाऊल टाकू नका!” धाकटी धावली.

“नाही टाकत. कान शाबूत आहेत माझे.” त्या मालकांच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. “अहो चष्मेवाले, सुनेला घराबाहेर काढायच्या आधी एक करा. तुमच्या दुकानात माझ्या नंबराचा चष्मा असेल तर तो द्या. नसेल तर फळी द्या.”

सुतार हसला. मालक हसले नाहीत. त्यांनी किल्ली खिशात टाकली, परत काढली. “मला हे आधी सांगायला हवं होतं,” ते म्हणाले.

“हवं होतं,” धाकटी म्हणाली. “चुकलं आमचं.”

एक गोष्ट तिला कळत होती, ती पडद्यांमुळे. झिरझिरीत कापडाला काठाची पट्टी लागते, नाहीतर हाताला धरायला काही राहत नाही. “खाली जाळी राहू द्या,” ती कंट्रोलरांना म्हणाली, “तुमच्या गुलाबांना ऊन मिळेल. वर फक्त एक आडवी फळी बसवा, आईंच्या हाताच्या उंचीला. या टोकापासून नळापर्यंत. मध्ये कुठं खंड नको.”

“आणि रेघ?” मालकांनी लगेच विचारलं. “जागा कुणाची?”

“जागा माझीच आहे,” कंट्रोलर म्हणाले. मग जुन्या खड्ड्यांकडे बघत तोंड वाकडं केलं. “सध्या घाला त्याच खड्ड्यांत. पण मोजणी मी मागवणार!”

“मागवा. मीच मागवतो!”

“मग मागवा दोघंही,” सुतार पहार उचलत म्हणाला, “मला आज खड्डे भरू द्या.”

काम दिवेलागणीपर्यंत चाललं. मालक शेवटपर्यंत थांबले, खांब आपल्याकडे तिरके होत नाहीत ना ते बघत. कंट्रोलर पलीकडून बघत. जाळीची कापलेली टोकं सुतार इकडच्या बाजूला वळवायला लागला, तेव्हा कंट्रोलर खेकसले, “माझ्याकडे वळव ती! अक्कल आहे का?” निघताना मालक धाकटीला म्हणाले, “घराचं आपण नंतर बोलू.” नंतर म्हणजे केव्हा, हे तिनं विचारलं नाही. मात्र जायच्या आधी त्यांनी कंट्रोलरांचा नंबर मागून घेतला. “इथून पुढे जे काय असेल ते थेट. या बाईंच्या तोंडून शिवीसुद्धा आशीर्वाद होऊन येते.”

रविवारी भाऊजी आले. चपला न काढताच सरळ मागच्या अंगणात गेले. खांब हलवून पाहिले, जाळीवर बोट फिरवलं, आडवी फळी वरून खालून चाचपली. चेहऱ्यावर काहीच दिसेना. दोन दिवसांत आई या फळीच्या कडेनं धाकटीचा हात धरूनच गेल्या होत्या. “अजून ओळख व्हायचीय,” म्हणाल्या होत्या.

“आई,” भाऊजी म्हणाले, “चालून दाखव.”

“परीक्षा का माझी?” आई पायरी उतरल्या. डावा हात पुढे गेला, हवेत जरा फिरला, फळी सापडली. त्या निघाल्या. नव्या लाकडाला गाठ नव्हती, चीर नव्हती. कुठवर आलो ते सांगणारं काहीच नव्हतं. मध्यावर, जिथं त्या पडल्या होत्या तिथं, पावलं थांबली. हात फळीवर घट्ट आवळला. ओठांवरचं नाव थांबलं.

भाऊजी पुढे झाले.

“भाऊजी, हात लावू नका,” धाकटी म्हणाली.

ते वळून बघतच राहिले. या घरात ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. तिलाही आपल्या आवाजाची भीती वाटली, पण ती बाजूला झाली नाही.

आई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुसरा हातही फळीवर ठेवला, एक दीर्घ श्वास घेतला आणि पाऊल उचललं. मग दुसरं. फळी संपली तिथं हात खाली उतरवून त्यांनी नळाची तोटी धरली, दगडावरचा ओला टॉवेल पिळला आणि दोरीवर टाकला. एक टोक खाली लोंबत होतं, ते चाचपून सारखं केलं.

भाऊजी पायरीशी आले, चपला काढल्या, डोळे मिटले आणि फळीवर हात ठेवून चालायला लागले. धाकटी बघत राहिली. चार-पाच पावलं गेली असतील, त्यांची मान आखडली, खांदे वर चढले, पाय जमिनीवर घासायला लागले. थोडं पुढे जाऊन ते थबकले. एक हात फळीवर, दुसरा समोर पसरलेला, जणू कुणीतरी तोंडावर येऊन आदळणार आहे.

“हे कोण चालतंय?” नळापासून आईंनी विचारलं. “इतकं घाबरत?”

“मी आहे, आई.” त्यांनी डोळे उघडले. तिथून नळ अजून लांब होता. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी धाकटीकडे पाहिलं. “राहू दे तिला इथंच. पण मी येत जाईन दर महिन्याला बघायला.”

“या,” धाकटी म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसली.